खात्यामागची रुई

कडोदरा (सुरतेजवळ),
१५ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप बन्सीलालमामांस, वाल्मिकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं पायांवर आहे, पण त्यातला विचार बदलणार नाही, हे आधीच सांगतो.) मामींच्या गुडघ्याला आराम पडला का? माझ्या काळजीने दुखणं वाढलं असं म्हणू नका, तो गुडघा मी सुरतेला यायच्या आधीपासून दुखतोय.

"तुला फुलपाखरं मोजायला धाडलं होतं का?" असं तुम्ही लिहिलंत. नाही, माग चालवायला धाडलंत, आणि शेठकडे शब्दही तुम्हीच टाकलात. माग मी चालवतोच. पण रविवार माझा! आमच्या खात्यामागे (मागांच्या शेडला इथे खातं म्हणतात) पडीक जागेत रुई आणि घाणेरी माजली आहे. शेठला ती तोडून गोडाऊन बांधायचंय. निसर्ग मंडळाच्या हर्षदाबेन म्हणाल्या, इथे किती फुलपाखरं येतात ते दाखवलं तर झाडी राखायची मागणी करता येईल. म्हणून मी आणि शेजारच्या मागावरचा चिंधा त्यांच्याबरोबर मोजायला गेलो.

आता मागांच्या खडखडाटात राहून आमचा आवाज केवढा झालाय, ते तुम्हाला ठाऊक आहे. (मागच्या दिवाळीत मी मामींकडे चहा मागितला, तर शेजारीण कप घेऊन आली.) मी पहिलंच फुलपाखरू मोजलं आणि झाडावरचे बगळे उडाले! बेन कावल्या. मग आम्ही खात्यातल्या खुणा काढल्या. मागांपुढे काही ऐकूच येत नाही, म्हणून आम्ही हातांनीच बोलतो: धागा तुटला, मास्टर आला, बिडी आहे का. तसाच चिंधा तिकडून बोटांनी आकडा सांगायचा आणि मी लिहायचो. काय झकास चाललं होतं! नेमका शेठ गच्चीवर आला. दिवाळी तोंडावर, बोनसची बोलणी अडलेली, आणि खाली दोन कारीगर एकमेकांना बोटं दाखवतायत. त्याला वाटलं, संप ठरतोय! त्या धसक्याने त्याने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोनस जाहीर केला आणि आम्हा दोघांना पुढारी ठरवून घरी बसवलं. माफी मागितली तरच परत घेणार म्हणे.

माफी कसली डोंबलाची? फुलपाखरं मोजल्याची? मी नाही मागणार. खुशाल काढू दे. येत्या रविवारीही जाणार!

आपला न ऐकणारा भाचा,
वाल्मिक

ता. क. शेठ तुमचा शब्द मानतो. माझ्या वतीने तुम्ही परस्पर माफी मागितलीत, तर ते मला कळलंच नाही असं मी धरून चालेन. जरा लवकर मागा.

आणखी ता. क. मात्र त्यात "पुन्हा जाणार नाही" असं लिहू नका. बोनस जाहीर झाल्यामुळे या रविवारी सगळं खातंच मोजायला येतंय. शेठला म्हणावं, त्या दिवशी गच्चीवर चढू नका.