विकलांडरचा पेला

स्टॉकहोम, ९ नोव्हेंबर १९२२, गुरुवार

डायरेक्टर विकलांडरचं नवं चलचित्र पेपरवाल्यांच्या खास खेळात पाहिलं. पाहिलं कसलं, सोसलं! कोळ्याची बायको वादळात बुडते, रात्रभर पाण्यात असते, आणि बाहेर काढतात तेव्हा गालावरची पावडर जशीच्या तशी. बया बुडाली होती की नटायला गेली होती?

कचेरीत सगळे गुरुवारचं वाटाण्याचं सूप ओरपत होते. संपादक टिल्बर्ग मिशी पुसत मला म्हणाले, "ओडेलियसबाईंनी या वेळी जरा सबुरीनं घ्यावं. विकलांडरच्या जाहिरातींवर आपलं पान चालतं. शिवाय तो माझा शाळासोबती." शेपूटघालू माणूस! मी सिनेमावर लिहायला लागले तेव्हा "जत्रेतल्या खेळावर कोणी लेख लिहितं का?" म्हणून खिदळणारेही हेच.

मी म्हटलं, "एक ओळ जरी कापलीत तरी सदर बंद. मग शोधा दुसरी." बोलून तर बसले. सदर गेलं तर पुन्हा दाताच्या डॉक्टरांच्या मुलींना पियानो शिकवणं आलं. नको ग बाई.

१३ नोव्हेंबर

आज त्या चलचित्राचा लोकांसाठी पहिला खेळ, मग हॉटेलात मेजवानी. हेरिंग मासे, रेनडिअरचं मटण, भाषणं — अजीर्ण व्हावं एवढी भाषणं.

मग विकलांडर उठला. दोन्ही हातांत पेले, थेट माझ्यासमोर. "ओडेलियसबाई, आपलं हे बाई-साहेब पुरे झालं. आजपासून तू मला अरे म्हण, मी तुला अगं म्हणतो." लोकांनी टाळ्या पिटल्या.

काय डोकं चालतं मेल्याचं! कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा केला की आपण घरचे झालो, आणि घरच्या माणसाला पेपरात कोण सोलणार? म्हणजे माझं तोंड कायमचं बंद. वर हा आगाऊपणा — बाईमाणसाला हे पुरुषाने विचारायचं? विचारायचं तर बाईने!

मी पेला घेतला आणि टेबलावर ठेवला. "डायरेक्टरसाहेब, मी आहे ती बरी आहे."

त्याची बायको मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "असल्यांना बोलावतातच कशाला?" टिल्बर्ग बशीत डोकं खुपसून बसलेले. भेकड.

१४ नोव्हेंबर

परीक्षण दिलं. पावडरीसकट. टिल्बर्गनी उभ्यानेच वाचलं आणि निळी पेन्सिल हातात घेतली. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "ओडेलियसबाईंनी आता घरी जावं."

कापणार. उद्या माझ्या सहीखाली गुळमट पाणी छापून येणार. हात नुसते शिवशिवताहेत. राजीनामा लिहून ठेवलाय.

१५ नोव्हेंबर

अख्खं छापलंय. एक शब्द कापलेला नाही.

टायपिस्ट डोळे पुसत सांगत होती — काल दुपारी विकलांडरचा फोन आला. माझ्याबद्दल काहीबाही बोलला असणार. शाळेपासून चाळीस वर्षांचं त्या दोघांचं अरे-तुरे. तरी टिल्बर्ग त्याला परक्यासारखं म्हणाले, "डायरेक्टर विकलांडरसाहेबांनी आमच्या ओडेलियसबाईंबद्दल पुन्हा असं बोलू नये." आणि फोन ठेवला. संध्याकाळी पेपरच्या मालकांनी टिल्बर्गना नोकरीवरून काढलं. पान तोवर मशीनवर चढलं होतं.

त्यांच्या खुर्चीत आज विकलांडरचा मेहुणा बसलाय. मला आत बोलावलंय.