पाणी नसल्याचा फोटो

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१०. साहेबांच्या संपर्क कार्यालयात माझी खुर्ची पुसत होतो.
आजपासून मी डेटा-प्रमुख. पद सध्या तोंडी आहे. पण साहेब आता नगरसेवक आहेत आणि पुन्हा निवडून आले की मला पक्की नोकरी देणार आहेत. बारावीला दोनदा बसलेल्याची कोणीतरी किंमत ओळखली. लॅपटॉप मात्र स्वतःचा आणायचा आहे. वहिनीने गच्चीवरच्या टाकीसाठी पैसे साठवले आहेत. टाकी काय, पळून जात नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
अडतीस हजारांचा घेतला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी परत करीन, असं वहिनीला लिहून दिलं. ती म्हणाली, कागद राहू द्या भाऊजी, उन्हाळ्याच्या आत पैसे द्या. कागदाची किंमत नसलेली माणसं.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
वॉर्डाचं तक्रारींचं ॲप माझ्या ताब्यात आलं. जनता अडाणी. 'चार दिवस नळ कोरडा, झोपलात का' एवढंच लिहितात. घर क्रमांक नाही, मीटर क्रमांक नाही, फोटो नाही. असल्या कचऱ्यातून कोण कोणाला मत देणार हे सांगणारं मॉडेल कसं बनणार? चौदा रकाने सक्तीचे केले. एक जरी रिकामा राहिला तर तक्रार आपोआप बंद.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
तक्रारी सहाशेबारावरून तेवीसवर. साहेबांना पडद्यावर नकाशा दाखवला. तक्रार नाही म्हणजे लोक समाधानी. समाधानी म्हणजे आपला मतदार. ती गल्ली हिरवी, तक्रारी करणारी लाल. साहेबांनी विचारलं, नक्की ना रे. मी म्हणालो, आकडे थापा मारत नाहीत. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि हिरव्या गल्ल्यांच्या पाइपलाइनचे पैसे लाल गल्ल्यांतल्या कट्ट्यांना आणि रंगरंगोटीला वळवले. डेटावर चालणारा कारभार म्हणतात तो हाच.

गुरुवार, २० फेब्रुवारी.
आज खुद्द आमच्या घरातून तक्रार. वहिनीची. तेरा रकाने नीट भरलेले, फोटो नाही. नात्यागोत्याचा विचार न करता बंद केली. जेवताना ती म्हणाली, नसलेल्या पाण्याचा फोटो कसा काढतात ते एकदा शिकवा. दादा म्हणाला, रिकाम्या बादलीचा काढ. दादाला यातलं शून्य कळतं. रिकामी बादली हा पुरावा नव्हे. बादली कोणीही रिकामी करतं.

रविवार, २ मार्च.
विरोधी उमेदवार टँकरवाला आहे. एरवी पाणी विकतो, सध्या आमच्या गल्लीत फुकट वाटतो. वहिनी रांगेत पहिली. या माणसाकडे साधी एक्सेल शीट नाही. नुसता टँकर.
तुमच्या गल्लीत एक फेरी मारू का, असं साहेबांनी विचारलं. मी अडवलं. आमची गल्ली शहाण्णव टक्के हिरवी आहे. तिथे चपला झिजवणं अशास्त्रीय. उरलेले चार टक्के म्हणजे बहुधा वहिनी.

रविवार, ९ मार्च. मतदान.
दिवसभर पडद्यासमोर. मत द्यायला गेलो नाही. आमच्या केंद्रावर एका मताने काही बिघडत नाही, हे मीच सिद्ध केलेलं आहे. टँकरवाल्याची माणसं म्हाताऱ्यांना रिक्षातून नेत होती. किती ही मागासलेली पद्धत.

मंगळवार, ११ मार्च. निकाल.
साहेब पडले. आमच्या केंद्रावर आठशे चाळीसपैकी एकतीस मतं. मॉडेलमध्ये चूक नाही. लोकांनी त्याप्रमाणे वागायला हवं होतं. हे समजावून सांगायला कार्यालयात गेलो. कुलूप. साहेबांना फोन केला. म्हणाले, कोण बोलतंय? नाव सांगितलं. पुन्हा म्हणाले, कोण?

बुधवार, १२ मार्च. सकाळी ६.४०. झोपल्याचं सोंग करत होतो.
टँकर आला नाही. निवडून आलेला माणूस फुकट पाणी कशाला वाटेल? घरचा नळ कोरडाच. वहिनीने आठवण करून दिली की आज निकालाचा दुसरा दिवस. मी म्हणालो, काम प्रक्रियेत आहे.  तिने दोन बादल्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, चौकातल्या नळावरून भरून आणा, फोटो नको.

खर्च: लॅपटॉप ३८,०००. बॅग ६५०.
जमा: साहेबांचा बॅनर, एक. गच्चीवर टाकीची रिकामी जागा झाकायला बरा.
वहिनीचं देणं: ३८,०००, वजा दोन बादल्या.