चोवीस चुलींची भिंत

प्रिय तनवीर,

हे पत्र आणि सोबतची बॅग घेऊन जो माणूस आलाय, त्याला आधी पडवीत खुर्ची दे आणि पाणी दे. अम्मीला म्हणावं, चहा टाक. कॅम्पातून कुणी सुट्टीवर निघाला की सगळे त्याच्या बॅगेत आपापलं कोंबतात, तसं मीही कोंबलंय: अम्मीच्या गुडघ्यांना तेल, खजूर, दुधाच्या पावडरीचा डबा आणि ती मोठी बॅटरी, जिच्यासाठी तू दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस. त्याचं पाणी पिऊन झालं की मगच पुढे वाच. मोठा भाऊ सांगतोय, कधीतरी ऐकत जा.

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. बंदरातल्या अर्ध्या होड्यांवरची नावं ज्या हाताने रंगवली, त्याची तीन बोटं आता वळत नाहीत, हे तुला माहीत आहे. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हा कागद. शुक्रवारी तू कोयत्याचा फोटो पाठवलास, खाली लिहिलंस की हात मोडणाऱ्याचं नाव आणि गाव सांग, बाकी मी बघतो. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या साली जाळ्यावरून तू फुजैलचा जबडा मोडलास, तो अजून पेज पितोय असं तुझी भाभी सायरा सांगते. तू बघतो म्हणालास की बघतोस, याचीच मला भीती आहे. मारणारा नाशिककडचा, एवढंच तू ऐकलंयस; इथे आखातात, हमद पोर्टवर नाशिककडची किती माणसं आहेत तुला ठाऊक नाही. तुला सुट्टीवर आलेला भलताच कुणीतरी सापडायचा आणि तू जन्मभर तुरुंगात सडायचास.

म्हणून आज सगळं सांगतो, पहिल्यापासून. मी तुम्हाला सांगितलं होतं की दुसऱ्यांचं भांडण सोडवायला गेलो आणि मध्ये सापडलो. ते खोटं होतं. भांडण मी काढलं.

रमजानचा सहावा रोजा होता. आमच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात सहा बर्नर आणि जेवणारी माणसं दीडशे. म्हणून दुपारच्या असरच्या नमाजानंतर चार बर्नर रोजेवाल्यांचे असं ठरलं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ती यादी कॅम्प बॉसने माझ्याकडून लिहून घेतली. मी ती सकाळी दहा वाजता भिंतीला लावली. पहाटेच्या पाळीची बस चारलाच पोर्टला गेली होती. त्यांनी ती यादी पाहिलेलीच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. अकरा तास जहाजावर कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळून ती माणसं आली आणि आमच्या एका बर्नरवर डाळीचं पातेलं ठेवलं. मला एवढंच म्हणायचं होतं की बाबांनो, यादी बदललीय. पण पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, आणि त्यांच्यातला एक जण पातेल्यापुढे पाय पसरून खुशाल बसलेला. मला त्याच्या त्या बसण्याचाच राग आला. मी ते उकळतं पातेलं लाथेने उलथवलं.

त्याचं नाव गोरख. डाळ त्याच्या दोन्ही पायांवर गेली. तो ओरडला तसं माणूस ओरडताना मी आजवर ऐकलेलं नाही. त्याने पायजमा ओढून काढला तेव्हा त्यासोबत कातडी आली. मी ओट्याला हात टेकून बघत उभा होतो आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटत नव्हतं. मग त्याच्या मेहुण्याने भाकरीचा बिडाचा तवा उचलला आणि माझ्या ओट्यावरच्या हातावर घातला. पहिल्या घावाला हाडं गेली. मी हात काढून घ्यायच्या आत दुसरा बसला, त्यात नस तुटली. त्यानंतर आमची रोजेवाल्यांची आणि त्यांची, दोन्ही खोल्या एकमेकांवर तुटून पडल्या. लाटणी, पट्टे, सिलिंडरचा पाना, जे हाताला लागेल ते. एकाचा कान फाटला. आमच्या खोलीतले नसरुद्दीन चाचा, ज्यांनी आयुष्यात मुंगी मारली नसेल, ते एकाला केसाला धरून भिंतीवर आपटत होते. रोजा सोडायची मगरिबची अजान झाली ती कुणाला ऐकूच आली नाही. त्या दिवशी माझा रोजा माझ्याच रक्ताने सुटला, तोंडात तेच होतं.

कॅम्प बॉसने पोलीस आणले नाहीत. स्वयंपाकघरात अपघात झाला, असं लिहून मोकळा झाला. गोरखला गावी पाठवलं, तो काठीने चालतो. बाकीच्यांना महिनाभर वेगळ्या बसेस, वेगळ्या जेवणाच्या वेळा. तरी कुणाच्या गादीत ब्लेड सापडायचं, कुणाच्या चपलेत काचा. आमच्या खोलीत उशाखाली पाना घेऊन झोपणारे चौघे होते, त्यातला एक मी.

मग एक बाई आल्या, आसावरीताई. मूळच्या पुण्याच्या, इथे शहरात ओल्ड एअरपोर्ट भागात राहतात, शाळेत चित्रकला शिकवतात. त्या म्हणाल्या, डाळ आणि रक्ताचे डाग पडलेल्या त्याच भिंतीवर दोन्ही खोल्यांनी मिळून चित्र काढायचं. आम्ही त्यांच्या तोंडावर हसलो. कॅम्प बॉस हसला नाही. त्याने सांगितलं, भिंत रंगवा नाहीतर सगळे गावी, खलास. तेव्हा तुला कुणी सांगितलं की प्रेमाने झालं, तर विश्वास ठेवू नकोस. नोकरीच्या भीतीने झालं.

काय काढायचं यावरून पुन्हा मारामारी व्हायची वेळ आली. कुणाला मशीद हवी, कुणाला देऊळ, कुणाला क्रिकेटचा कप. ताई म्हणाल्या, स्वयंपाकघराची भिंत आहे, प्रत्येकाने आपल्या घरची चूल काढा. त्यांनी भिंतीवर चोवीस चौकटी आखल्या आणि जोड्या लावल्या: एका चौकटीत एक या खोलीचा, एक त्या खोलीचा. ज्याची चूल असेल त्याने ब्रशला हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. रंगवायचं दुसऱ्याने. माझा हात प्लास्टरमध्ये, मला तसाही रंगवता येत नव्हता. माझ्या वाट्याला कोण यावा? तोच, तवेवाला. ताईंना मी तावातावाने सांगायला गेलो की याने माझा हात तोडलाय. त्या म्हणाल्या, मग आता तोच तुमचा हात.

त्याला ब्रश धरता येत नव्हता, झाडू धरावा तसा धरायचा. मी शिव्या घालून शिकवायचो. चुलीच्या उजवीकडे फडताळ सांगितलं, फडताळावर रोवळी, खाली विळी, वर ती बुटकी खिडकी, जिच्यात अम्मी आमसुलं वाळत घालते. तो सांगेन तसं काढायचा. शहरात मुंतझा भागातल्या दुकानातून आणलेले रंग मी नजरेने जोखून मिसळायला सांगायचो. फडताळावर तुझा तो कान तुटलेला मग काढायला सांगितला आणि रंग आठवेना. हिरवा होता की निळा? तुला विचारणार होतो, पण तू बदल्याखेरीज दुसरं बोलशील तर. शेवटी म्हटलं, पांढराच राहू दे.

आता जे लिहितोय ते सायरालाही माहीत नाही. नवव्या दिवशी तो शिडीवर उभा राहून आपल्या घरची खिडकी रंगवत होता आणि मी खाली शिडी धरून होतो. रंग खरवडायची पोलादी पत्ती मी पहिल्या दिवसापासून खिशात ठेवली होती, तिला धार लावलेली होती. तो वर गुणगुणत होता. माझी बोटं मेली आहेत आणि हा माझ्या अम्मीच्या खिडकीत गाणं म्हणतोय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पत्तीचीही गरज वाटली नाही. मी शिडीला लाथ घातली. तो गॅसच्या लोखंडी कडेवर पडला. गळ्याखालचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं, हनुवटी फाटून रक्त शर्टावर आलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पहिल्यांदा बरं वाटलं.

सगळे धावत आले. कॅम्प बॉसने विचारलं, काय झालं. मी तयारच होतो, गावी जायला, जेलला जायला. त्याने फाटक्या तोंडाने सांगितलं की चप्पल ओली होती, पाय घसरला. लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला आणि मराठीत एवढंच विचारलं की झालं का तुझं, का अजून बाकी आहे. मी पत्ती काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याचा डावा हात झोळीत, माझा उजवा प्लास्टरमध्ये. दोघांत मिळून एक धड माणूस. मी शिडी धरली, तो चढला. मला वाटलं होतं चढणार नाही. त्याची चूल काढायची पाळी आली तेव्हा मी डाव्या हाताने काढली, वेडीवाकडी. त्यात त्याने गोरखला चुलीपुढे पाय पसरून बसलेला काढायला सांगितला. पाय काढताना माझा हात थांबला. तो रंगाचा डबा धरून उभा राहिला. ते पाय काढायला मला तीन दिवस लागले.

भिंत आता पुरी झालीय. त्यामुळे सगळे भाऊ भाऊ झाले असं नाही. परवाच दोघांची कॉलर धरून झाली. पण धक्का देऊन कुणी कुणाला त्या भिंतीवर आपटत नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या आईची चूल आहे आणि ती दुसऱ्याच्या हातची आहे. उशाखाली पाना मी आता ठेवत नाही.

शुक्रवारी तुझा कोयता आला तेव्हा तो माझ्या शेजारी बसला होता. मी फोन लपवला नाही. त्याने फोटो पाहिला आणि विचारलं, मुंबईहून तुमच्या गावाला किती तास लागतात. त्याचं घर नाशिकच्या पलीकडे, तिथे बायको आणि पायाने अधू झालेला मेहुणा वाट बघतायत. तरी आधी तुझ्याकडे येतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, तुझा भाऊ शोधणारच असेल तर त्याला बरोबर माणूस सापडू दे. मी त्याला माफ केलंय असं लिहिणार नाही. सकाळी हात ठणकतो तेव्हा मी त्याला शिव्याच देतो. तूही माफ करू नकोस हवं तर. पण अब्बांनी आपल्याला घातलेली एक सवय तू मोडणार नाहीस हे मला ठाऊक आहे: जो आपल्या घरचं पाणी प्यायला त्याच्यावर हात उचलायचा नाही. म्हणून मी पाणी आधी द्यायला लावलं आणि पत्र मागून वाचायला. तुला नाव हवं होतं ना, त्याचं नाव श्याम. गाव त्यालाच विचार, तुझ्यासमोर बसलाय. त्याचा डावा खांदा अजून दुखतो, बॅग तू उचल. मग त्याला आत स्वयंपाकघरात ने. चूल कुठे, खिडकी कुठे, ते तुला सांगावं लागणार नाही, त्याला पाठ आहे. फक्त फडताळावरचा तुझा मग त्याला दाखव. आमच्या भिंतीवर तो अजून पांढराच आहे, आणि परत आल्यावर श्याम रंगवणार आहे.

तुझाच,
डाव्या हाताचा भाई,
इब्राहीम