फुटामागे एक सूत

आबा, तुम्ही गेलात त्या वयाची मी आता झाले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची म्हणून ठेवली होती, ती ठेवलीच. शिरोलीच्या फौंड्रीतलं ते पंपाच्या बॉडीचं पॅटर्न तुमच्या विसरण्यानं चुकलं नव्हतं. ते माझ्यामुळं चुकलं. दोन वाक्यांचं काम, पण तुमच्या हयातीत माझ्या तोंडून ती दोन वाक्यं निघाली नाहीत. एरवी बोलण्यात माझा हात कुणी धरत नाही, हे तुम्ही जाणताच.

आज कुणाला हे सांगायचं तर आधी पॅटर्न म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. लोखंडाचा नग ओतायचा तर तो आधी लाकडात घडवायचा, वाळूत दाबून त्याचा साचा उठवायचा, लाकूड काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. रस गार होताना आकसतो, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून लाकडी नग मुळातच तेवढा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा सूतभर लांब. हे सगळं तुम्हीच मला जेवताना ताटाच्या कडेला बोटानं दाखवत शिकवलंत. तुमच्या त्या पट्टीवरचा छाप वापरून वापरून पुसून गेला होता आणि ती साध्या पट्टीसारखीच दिसायची, पण तुम्हाला छाप वाचायची गरजच पडत नसे. साधी पट्टी घरात, आकसाची पट्टी कामाच्या पिशवीत, आणि पिशवीत साधी पट्टी चुकूनही जाऊ द्यायची नाही, हा तुमचा शिरस्ता. पिशवीत हात घातला की जी लागेल ती बरोबरच असणार.

घरातली पट्टी आपल्या लढाईच्या खेळासाठी होती. फौंड्रीच्या मालकांच्या बंगल्यावर कपाटाचं दार बसवायला गेलात, तेव्हा त्यांच्या मुलाचे परदेशातून आणलेले प्लॅस्टिकचे ठोकळे पाहून आलात, एकात एक घट्ट बसणारे. विकत आणणं आपल्याला शक्य नव्हतं आणि तुम्हाला त्याचं वाईटही वाटलं नाही. "त्यात काय अवघड हाय?" म्हणालात आणि सागवानाच्या वाया गेलेल्या तुकड्यांतून ठोकळे करायला बसलात. वर दोन खुंट्या, खाली दोन भोकं. वर्षभरात बुरुज, तटबंदी, दरवाजा, सगळं उभं राहिलं, आणि लढाईत तोफ लागली की एकेक ठोकळा काढून घेता येईल असं. सैनिक शिशाचे, बोटाच्या पेराएवढे. शिसं आईच्या कढईत वितळवलंत म्हणून ती आठवडाभर तुमच्याशी बोलली नव्हती. मग बोलली ती माझ्यावरच. "पोरीची जात. भांडी मांडायची सोडून लढाया कसल्या मांडतीय?" तुम्ही ठोकळ्याची खुंटी घासत म्हणालात, "मांडू दे की. भांडी काय, जन्मभर हायतीच."

दर रविवारी मटणाचं जेवण झालं की खाटेवर प्लायवूड पडायचं. पायदळाला एका खेळीत अर्धा फूट, घोड्याला एक फूट, मोजायचं ते घोड्याच्या नाकापासून. तोफेसाठी फोडलेले चिंचोके फेकायचे, पांढरी बाजू वर आली की मारा लागला. तुम्ही मला कधी सूट दिली नाहीत. लेक आहे, तेरा वर्षांची आहे, जिंकू दे एखाद्या वेळी, हा प्रकारच नव्हता. एकदा मी घोडं बोटभर पुढं ढकललं, तर तुम्ही ते उचलून मागं ठेवलंत. "आज बोटभर सरकिवलंस, उद्या हातभर सरकिवशील. ऊठ, भांडी घास जा." मी म्हटलं, "अंदाजानं ठेवलं हो आबा, परत मोजतो की." आपल्याकडच्या पोरींसारखी मीही 'मोजतो, करतो' असंच बोलायची. तुम्ही म्हणालात, "अंदाज न्हाय चालत. डोळा फसवतो, पट्टी न्हाय फसवत."

मग मी पट्टीच बदलली. एका रविवारी डाव अर्ध्यावर राहिला होता आणि खाट आठवडाभर तशीच मांडलेली होती. माझं घोडं तुमच्या दरवाजापासून एक फूट आणि केसभर लांब होतं. तेवढ्यानं ते बाहेर अडकणार आणि तुमची तोफ त्याला उडवणार. मी दिवसातून दहादा मोजून पाहिलं. केसभर काही केल्या कमी होईना. पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही मटण आणायला गेलात तेव्हा पिशवीतली पट्टी मी काढून घेतली आणि घरची तिच्या जागी सरकवली. दुपारी तुमच्यासमोर त्या सूतभर लांब फुटानं मोजलं. घोड्याचं नाक दरवाजाला टेकलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाकलात, पट्टीकडं नव्हे, घोड्याकडं पाहिलंत. "पोचलं की गं!" आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडलात, "अगं ए, बाहेर ये! पोरीनं गड घेतला!" जिंकलेलं माणूस मी असून मला काही आनंद झाला नाही, पण तुम्हाला झालेला आनंद मला अजून दिसतो. स्वतःसाठी घडवलेला शिशाचा सरदार तुम्ही माझ्या हातात ठेवलात. संध्याकाळी कागलची आत्या आली, घर माणसांनी भरलं आणि तुमच्या पिशवीजवळ जायला मला सवड मिळाली नाही. सोमवारी मी उठायच्या आत तुमची सायकल पंचगंगेच्या पुलापलीकडं गेलेली.

सोमवारी तुम्ही घरी आल्या आल्या मी पट्ट्या जागच्या जागी केल्या आणि सुटले म्हटलं. मला कुठं ठाऊक होतं, की पॅटर्नचा खऱ्या मापाचा आराखडा आधी एका फळीवर आखतात आणि पुढचं प्रत्येक माप त्या फळीवरूनच उचलतात? तुम्ही ती फळी त्या सोमवारीच आखली होती. पुढं तीन आठवडे तुम्ही चुकीच्या फळीवरून अगदी बिनचूक काम केलंत.

चाळीस बॉड्या ओतल्या आणि लेथवर चढवल्यावर कळलं, की घासायला धातूच उरत नाही. मालकांनी साचे उठवणाऱ्या मोल्डरांच्या देखत फळी मागवली आणि मोजली. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन चहा घेतला नाहीत. दोन्ही पट्ट्या उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवून बसलात. आईला म्हणालात, "साध्या पट्टीनं आखलं म्हणत्यात. हाय खरं तसंच, फळी खोटं कशी बोलंल? पण पिशवीत घरची पट्टी आली कुठनं?" मग माझ्याकडं वळलात. "तू हात लावलतास का गं?"

"न्हाय आबा."

तुम्ही लगेच मान हलवलीत, जणू विचारलं हीच चूक झाली. "मग मीच ठिवली असणार. ध्यानच राहीना झालंय माझं." त्या वेळी तुम्ही पंचेचाळिशीत होता आणि तुमच्याइतकं ध्यानात ठेवणारा माणूस अख्ख्या मंगळवार पेठेत नव्हता. मी माराला भ्याले नव्हते. तुम्ही कधी मारलं नाहीत. मी त्या "पोरीनं गड घेतला"ला भ्याले होते. ते खोटं होतं असं तुम्हाला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

मालकांनी तुम्हाला काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. खिळे, हातमोजे, सँडपेपर. तुम्ही तक्रार केली नाहीत, उलट हेच बरं म्हणालात. पण त्या दिवसापासून तुमचा तुमच्यावरचा विश्वास उडाला. कडी लावली का हे बघायला पुलावरून सायकल मागं वळवायचात. आईनं सांगितलेलं सामान तळहातावर लिहून न्यायचात. गल्लीतली माणसं चेष्टा करायची, "मिस्त्री, घरला जायची वाट तरी ध्यानात हाय न्हवं?" आणि तुम्ही हसायचात. मला त्यांचा राग यायचा, जसा काही मला तो हक्कच होता. रविवारी खाट मांडायचात, पण पट्टी माझ्या हातात द्यायचात. "तूच मोज बाई दोघांचं बी. माझ्या मोजण्याचा काय भरवसा न्हाय." मी तुमची घोडी मोजायची, तुमचं पायदळ मोजायची. दोन-तीन महिन्यांत मीच अभ्यासाचं कारण सांगून खेळ बंद केला. मला ते बघवत नव्हतं.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. लग्न ठरलं तेव्हा आली. पहिल्या बाळंतपणाला सासरहून, मुरगूडहून, माहेरी आले तेव्हाही आली. शेवटी दवाखान्यात तर तुम्ही आणि मीच होतो, भर दुपारी, खोलीत तिसरं कुणी नाही. तुम्ही तीनदा विचारलंत, "गोळी घेतली का गं मी?" मी तीनदा "घेतली" म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ते वाक्य ओठांवर आलं होतं. कुणी आडवं आलं नाही, कुणी दार वाजवलं नाही. मी घाबरले, एवढंच. त्या आठवड्यात तुम्ही गेलात, आपलं डोकं ऐन उमेदीत दगा देऊन गेलं अशी खात्री बाळगून.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं. पण ज्याच्या हातात देण्याजोगं आहे तो इथंच, पलीकडच्या खोलीत आहे, आणि त्यालाही मी ते देणार नाही. तुमचा नातू आता तुमच्या तेव्हाच्या वयाचा झाला. परवा त्याची गाडीची किल्ली हरवली, तासभर घर उलथंपालथं केलं आणि शेवटी खिशातच सापडली. कपाळाला हात लावून हसत म्हणाला, "आई, मी आजोबांवर गेलोय वाटतं. तेही असेच विसराळू होते ना?"

मी म्हटलं, "व्हय रे. अगदी असेच होते."