गोलंदाजाचे डोळे

१८ जानेवारी २०२६, रविवार. रोहा.

सकाळी बाजार केला. दुपारी जेवण उरकून शेजारच्या चाचांकडे शिपायांचा खेळ खेळायला गेले आणि आज लवकरच परत आले. ह्यांची धाटावला दुसरी शिफ्ट आहे, घरात मी एकटीच आहे.

अण्णा, तुम्ही रंगवलेला तोफेजवळचा एक गोलंदाज आज पडला. चाचांच्या शालीची दशी त्याच्या हातातल्या बत्तीच्या काठीत अडकली आणि तो टेबलावरून थेट फरशीवर गेला. धातूचा आहे, मोडला नाही. पण तोंडावरचा रंग कपाळापासून हनुवटीपर्यंत निघाला आणि आत नुसतं करडं शिसं दिसायला लागलं. चाचांनी तो उचलला आणि चष्मा वर करून बघितला. "मीच पाडला गो," म्हणाले. मग म्हणाले, "तू रंगव ना. तुजा हात काय वाईट हाय?" रुमालात गुंडाळून त्याला घरी आणलं. डाव अर्धाच राहिला.

तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पेणचा गणपतींचा कारखाना सोडून आमच्याकडे, लेकीच्या घरी राहायला आलात, त्याच हिवाळ्यात आमचा हा खेळ सुरू झाला. चाचा आखातातल्या शाळेत इतिहास शिकवून नुकतेच परत आले होते आणि येताना बोटाच्या पेराएवढ्या शिपायांची एक पेटी घेऊन आले होते. तीनशे वर्षांपूर्वीची लढाई, एका बाजूला कुलाबा किल्ल्याची फौज, दुसऱ्या बाजूला चौलचे फिरंगी. फिरंगी त्यांचे, कुलाबा माझा. शिपाई जमले, पण तोफा नव्हत्या. चाचांनी परदेशातल्या एका कंपनीचं खेळण्यातल्या तोफांचं पुस्तक आणलं. त्यात युरोपातल्या सगळ्या राजांच्या तोफा होत्या, कुलाब्याची एकही नव्हती. त्यातल्या त्यात आपल्याकडे शोभतील अशा निवडायच्या होत्या. चाचा हलक्या तोफांच्या बाजूचे. "लढाईत तोफ पळाली पाहिजे," असं त्यांचं मत. तुम्ही नुसते चहा प्यायला म्हणून बसला होतात. पुस्तक स्वतःकडे ओढलंत आणि सगळ्यात मोठ्या तोफेवर बोट ठेवलंत.

"ही घ्या. तोफ म्हटली तर तोफेसारखी दिसू दे."

"अहो अण्णा, ती ओढायला बैल किती लागतील?"

"बैल मी रंगवतो. चारा तुम्ही घाला."

अशा तीन मोठ्या तोफा आल्या. एकेका तोफेला चार गोलंदाज. ती तोफ वळवायलाच माझा अख्खा एक डाव जातो, आणि वळेपर्यंत फिरंगी निघून गेलेले असतात. तरी मी दुसरी घेतली नाही.

रंगवायचं मी ठरवलं होतं, पण पेटी उघडली आणि तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत. मी वाचलेलं होतं की आधी काळ्या रंगाचा हात द्यावा आणि पितळ मळकट ठेवावं. तुम्ही मूर्तीला देता तसा पांढरा हात दिलात, आणि तोफेच्या नळीला मुकुटाचा सोनेरी रंग, वर मोत्याची पूड. चाचा बघून म्हणाले, "ही तोफ हाय का देवाचा मुकुट?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नवीन हाय. अजून वाजवली नाय."

मग डोळे. एवढ्याशा शिपायाला डोळे काढत नाहीत, नुसती सावली पुरते, असं मी सांगून बघितलं. "डोळं नसतील तर नेम कसा धरतील?" अजून दिसतं, तुम्ही खिडकीशी बसला आहात. ब्रशला दोन-चारच केस ठेवलेत. मी मिक्सर लावायला जाते तर तुमचा डावा हात वर होतो, थांब म्हणून. श्वास धरून एक डोळा, मग श्वास सोडून दुसरा. तुम्हाला गणपतीचेच डोळे ठाऊक, त्यामुळे तेच आले. पापण्या थोड्या खाली आलेल्या, शांत. चाचांनी भिंग लावून बघितलं. "तुमचे हे लोक तोफ डागतात का आशीर्वाद देतात?" तेव्हापासून आमच्या खेळात माझी तोफ उडाली की "आशीर्वाद आला" असंच म्हणतात. आज सकाळीसुद्धा दारातून मला हाक मारताना चाचा म्हणाले, "ये गो दुपारी, आशीर्वाद घेऊन."

पेणला तुम्ही आयुष्यभर डोळे आखलेत आणि ते सगळे दर वर्षी पाण्यात गेले. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. "जायालाच येतो तो," म्हणायचात. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर घर आवरताना लक्षात आलं की या तोफा आणि बारा गोलंदाज सोडले तर तुमच्या हातचं काहीच शिल्लक नाही. भिंतीवर फोटो आहे, पण चष्म्याच्या काचेवर उजेड आलाय, डोळे दिसत नाहीत. ते कसे होते हे आठवायला बसले की गोलंदाजांचेच डोळे समोर येतात.

एक जुनं आठवतं. मी सातवीत आहे. शाळा सुटल्यावर कारखान्यात डबा घेऊन आले आहे. एका मूर्तीचा उजवा डोळा मला किंचित वर वाटतो आणि मी तसं बोलते, नीट करा म्हणते. तुम्ही सगळ्यांसमोर रागावता. "एकदा आखला की हात लावायचा नाय. बगाया लागला तो." मी घरी येईपर्यंत रडते.

ज्याचे डोळेच राहिले नाहीत त्याचं काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आज दुपारी मी त्याला घेऊन खिडकीशी बसले. वाटलं, तसाच ठेवावा. वाटलं, बाराही जण कपाटात ठेवून खेळायला दुसरे मागवावेत. मग तो कपाटात, अंधारात, तोंड नसलेला उभा असेल हे डोळ्यांपुढे आलं आणि ते काही बरं वाटेना.

पांढरा हात दिला. वाळल्यावर अंगाचा रंग दिला. तो बरोबर जुळला, कंपनीच्या लॅबमध्ये मी इतकी वर्षं रंगच जुळवते आहे. मग श्वास धरला आणि आखले.

मी आखलेले डोळे तुमच्यासारखे झाले नाहीत. पापणी खाली आलीच नाही. बाकीचे खाली बघतात आणि हा समोर बघतो, कुणीतरी हाक मारल्यासारखा. उभं राहून बघितलं तर कळत नाही. जवळ गेलं की लगेच कळतं. तुम्ही असता तर काय म्हणाला असतात, ते ऐकायला मी अजून इथेच बसले आहे. रागावला असतात तरी चाललं असतं.

एक सांगते, चाचांना सांगणार नाही. आखताना मला चुकण्याची भीती नव्हती. अगदी तुमच्यासारखे जमले तर, ही भीती होती. जमले असते तर काही वर्षांनी तुमचे कुठले आणि माझा कुठला हे मलाच ओळखता आलं नसतं. नाही जमले, तेव्हा बरं वाटलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिलं. दोरीवरचे कपडे अजून बाहेरच आहेत. ते आत घेते आणि घड्या घालते.