जोडाची वरची बाजू

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. कालच तिनं माझ्या वाढलेल्या दाढीवरून मला तीनदा सुनावलं. फोन करता आला असता, पण फोनवर तू "बोल दादा" म्हणशील, मी "काय विशेष" म्हणेन, मग तब्येती आणि हवामान झालं की मी फोन आईच्या हातात देईन. चार वर्षं आपलं हेच चाललंय. शिवाय जे सांगायचं आहे ते रीतीनं सांगायचं तर कागदच लागतो. शाळेतले गुरुजी आठवतात ना? गणिताचं उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नसेल तर भोपळा द्यायचे. तू पाटीभर रीत लिहीत बसायचास आणि मी सगळ्यांच्या आधी उत्तर ओरडून भोपळा घेऊन घरी यायचो. तर हे पत्र म्हणजे रीत आहे असं समज. उत्तर शेवटी आहे. आधी खाली डोकावू नकोस.

गेल्या महिन्यात नर्सबाई परत आल्या. त्यांची लांब बदली झाली होती, ती आता पुन्हा इकडे झाली. गाडी तीच, निळी. मागचं दार अजूनही दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. बाई तशाच, फक्त केस पिकलेत आणि जीभ जरा जास्त धारदार झाली आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करणं हे त्यांचं काम अजून चालू आहे. पण गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. तिकडच्या गावात कुणीतरी धुराच्या नळीतल्या दुसऱ्या सेन्सरखाली धातूची छोटी टोपी बसवून तो धुरापासून दूर उचलून ठेवला होता, म्हणजे दिवा लागायला नको. तपासणीवाल्यानं टोपी काढली आणि चारच दिवसांत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पुन्हा लागला. दवाखान्यानं सांगितलं, पंधरा दिवसांत दाखला आणा, नाहीतर फिरणं बंद, आत टेबलावर बसा. बाई मला म्हणाल्या, "मला टेबलावर बसवलं तर आधी टेबल मोडेन आणि मग तुमच्याकडे येईन."

मशीन लावलं. त्यानं तेच सांगितलं जे चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं: कन्व्हर्टरचं काम मर्यादेपेक्षा कमी. म्हणजे आपलं पोळं. हा शब्द तुझाच. बाबांनी पहिल्यांदा धूर जाळून साफ करणारा एक जुना डबा कापून आतली बारीक भोकांची चिनी मातीची वीट दाखवली तेव्हा तू म्हणालास, "हे तर मधमाश्यांचं पोळं." बाबा हसले आणि तेव्हापासून आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये दुसरा शब्द कुणी वापरला नाही. मी आजही गिऱ्हाइकांना पोळं म्हणतो आणि ते वर छताकडे बघतात.

हा दिवा लागला की पोळं गेलं, असं सगळे धरून चालतात. मीही चालायचो. या वेळी मात्र ठरवलं की उत्तर आधी लिहायचं नाही. दोन्ही सेन्सरच्या रेघा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. हे तुला सांगायची गरज नाही, पण मी स्वतःलाच पुन्हा शिकवतोय असं समज. पोळ्याच्या आधीचा सेन्सर सारखा वरखाली नाचतो, ते त्याचं कामच आहे. पोळ्याच्या मागचा शांत हवा, भरलेल्या हौदातल्या पाण्यासारखा. पोळं मेलं की मागचा पुढच्याची नक्कल करायला लागतो, तो नाचला की हाही नाचतो. इथं मागचा नक्कल करत नव्हता. बराच वेळ शांत राहायचा आणि मधेच दचकून एकदम खाली जायचा, पुन्हा सावरायचा. पुढच्याच्या नाचाशी त्याचा काही मेळ नव्हता. मी तासभर नुसता बघत बसलो. झोपेत दचकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. त्याला काय दिसत असेल, असं वाटत राहिलं.

मग पोळ्याच्या पुढचा आणि मागचा पाईप किती तापतो ते मोजलं. पुढच्यापेक्षा मागचा जास्त गरम. म्हणजे आत धूर जळतोय, पोळं जिवंत आहे. विश्वास बसेना म्हणून गाडी थंड झाल्यावर सेन्सर काढला आणि त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला. बारक्या, आत पूर्ण पोळं होतं. एक कोपरासुद्धा तुटलेला नाही, कुठं काजळी नाही, वितळलेलं नाही. इथं माझे हात थांबले. कारण माझ्या समजुतीप्रमाणे त्या डब्यात खरं पोळं असायलाच नको होतं. डब्यावरचा उष्णतेचा पत्रा सोडवला, मळ पुसला आणि ठोकलेला नंबर वाचला. चार वर्षांपूर्वी नवं पोळं ज्यातून आलं ते खोकं कपाटातून काढलं. ते मी फेकलं नव्हतं आणि एवढ्या दिवसांत एकदा उघडून बघितलंही नव्हतं. त्यावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच. मी गाडीखालच्या खड्ड्यातून वर आलो आणि स्टुलावर बसून राहिलो. आईनं विचारलं, "काय रे, चक्कर आली का?" म्हटलं, "हो, थोडी."

पण मग सेन्सर दचकतो कशाला? आता मला त्या एका गोष्टीनं पछाडलं. माझ्या स्वतःच्या गाडीचा चांगला सेन्सर काढून तिथं लावला, तोही तसाच दचकला. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत जे पोचत होतं ते तो इमानानं सांगत होता. रेघ खाली पडते म्हणजे त्याला चांगली हवा मिळते आहे, पण धुराच्या नळीत चांगली हवा येणार कुठून? धुराचं यंत्र लावून पाईप भरला. कुठूनही धूर बाहेर आला नाही. साबणाचं पाणी मारलं, बुडबुडा नाही. कान लावला, फुसफुस नाही. तीन दिवस गेले. बाई रोज दुपारी येऊन दारात उभ्या राहायच्या, काही बोलायच्या नाहीत, घड्याळ बघायच्या आणि जायच्या. न बोलणाऱ्या माणसाची मला किती भीती वाटते हे तुला माहीत आहे.

शेवटी कोडं आईनं सोडवलं, तेही टोमणा मारताना. तुला माहीत आहे, सकाळी दार उघडल्यावर मी फळीवरच्या देवापुढे उदबत्ती लावतो आणि एकच वाक्य म्हणतो: माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ नये. त्यानंतर थोडा वेळ धुराकडे बघत बसायची सवय आहे. आई म्हणाली, "देवापुढचा धूर कुठे जातो ते अर्धा तास बघतोस. गाडीखाली बसून बघ की एकदा, तिथं तरी काही उजेड पडेल." ती हे बोलून आत गेली आणि माझ्या डोक्यात चमकलं की मी तीन दिवस धूर बाहेर येण्याची वाट बघतोय. बाहेर काही येतच नसेल तर? आत जात असेल तर? आणि यंत्र लावलं होतं ते थंड गाडीला.

दुसऱ्या दिवशी गाडी गावाबाहेर चांगली फिरवून आणली, तापवली, पेट्रोल कुठं झिरपत नाही ना ते नीट बघितलं आणि इंजिन चालू ठेवून खड्ड्यात उतरलो. पेटलेली उदबत्ती पाईपच्या कडेनं हळूहळू नेली. धूर सरळ वर जात होता. पोळं मागं टाकलं, पुढे सरकलो, सेन्सरच्या वीतभर अलीकडे एक जोड आहे तिथं आलो. पाईपच्या वरच्या अंगाला, गाडीच्या तळाकडे तोंड असलेल्या बाजूला उदबत्ती नेली आणि धूर वाकला. वाकून पाईपमध्ये शिरला. सारखा नाही, घोट घोट, कुणीतरी आतून ओढल्यासारखा. बाहेरची हवा आत जात होती आणि सेन्सर प्रत्येक घोटाला दचकत होता. मी उदबत्ती हातात धरून किती वेळ बघत राहिलो ते सांगता येणार नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त आनंद झाला. बाकीचं नंतर आठवलं.

दाढीचा आरसा आणून वरची बाजू बघितली. जोडाच्या वेल्डिंगच्या टाक्यात केसाएवढी चीर होती. गार असताना मिटलेली, तापली की उघडणारी. आणि चिरेपेक्षा आधी मला तो टाका दिसला. जाड, वाकडा, मधे फुगलेला. आपण दोघं पाईप जोडायचो तेव्हा तू खाली झोपून, एका हातात आरसा धरून, न दिसणाऱ्या बाजूलाही माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा टाका घालायचास. मी तुला चिडवायचो, "वर कोण बघायला येणार आहे? देव?" आणि तू माझ्या टाक्याला नाव ठेवलं होतंस. गांडूळ. "हे बघा आमच्या दादाचं गांडूळ," असं म्हणत गिऱ्हाइकाला दाखवायचास. तर त्या जोडावर गांडूळ होतं, बारक्या. ते बघितल्यावर चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचा एक एक तुकडा परत आला. पोळं तू बसवलंस, सगळे बोल्ट तूच आवळलेस, मागचा पाईप सडलेला होता तो कापून नवा तुकडा लावायचा राहिला होता, तेवढ्यात आईला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर घरी आणायची वेळ झाली. मी म्हणालो, तू जा, जोड मी मारतो. खालून मारला. वरून, आरसा कुठे शोधायचा म्हणून, अंदाजानं मारला.

महिन्याभरानं दिवा लागला तेव्हा मी रेघा बघितल्या नाहीत, पाईप मोजला नाही, नंबर वाचला नाही. भंगारवाला आदल्या आठवड्यात हसत म्हणाला होता, "तुमच्या भावाकडं पोळ्यांचा माल झकास असतो हं." पोळ्यातल्या महाग धातूला भंगारात केवढा भाव येतो ते मला माहीत होतं; तू नवं पोळं विकून नकली बसवलंस असं धरायला तेवढं पुरलं मला. तुला मोठ्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं, तू तिथं जाऊन बघून आला होतास, तेही मला डाचत होतं. बाहेरची हवा लागली आहे तुला, असं मी म्हणालो. आणि नर्सबाईंच्या देखत विचारलं, "खरं पोळं कुठं गेलं?" तू काही बोलला नाहीस. फडक्याला हात पुसलेस, एप्रन खिळ्याला लावलास आणि गेलास. मी त्या न बोलण्याचाही अर्थ लावून मोकळा झालो.

जुना टाका घासून काढला आणि आरसा धरून नवा घातला. आरशात हात उलटा चालतो, तुला कसं जमायचं कोण जाणे. दोनदा भाजलो, तीनदा घासून पुन्हा सुरुवात केली, सबंध दुपार गेली. खवले काही आले नाहीत, पण गांडूळही नाही. थंड आणि गरम, दोन्ही वेळा उदबत्ती फिरवली, धूर सरळ वर गेला. मागची रेघ आता हौदासारखी शांत आहे. टोपीबिपी काही न लावता गाडी पास झाली. बाई दाखला घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, कारण तुला तो प्रश्न विचारला तोही त्यांच्या देखतच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मला त्या दिवशीच पटलं नव्हतं. ज्याला विचारलंत त्याला सांगा." आणि दार दोनदा आपटून गेल्या. भंगारवाल्यालाही गाठलं. तो म्हणाला, तू त्याला एखादं जळकं, मेलेलं पोळं द्यायचास, शेडच्या मागं पडून राहण्यापेक्षा बरं म्हणून, आणि त्याचं ते बोलणं नुसती थट्टा होती. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला चार वर्षं माहीत होतं. तू विचारलं नाहीस." तिला तू काही सांगितलं होतंस का, ते मी विचारलं नाही. सांगितलं नसशीलच.

ये असं म्हणत नाही. तुझं तिथं बस्तान बसलं आहे, मुलं शाळेत रमली आहेत, आणि बोलवायचा हक्क मी घालवला ते मला कळतं. माफी मागतो, पण ती दे असाही हट्ट नाही. सकाळचं वाक्य मी अजून म्हणतो, फक्त आता ते म्हणताना जोडाची वरची बाजू डोळ्यांसमोर येते आणि वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. पत्र एवढ्याचसाठी लिहिलं की त्या दिवशी मी तुला चारचौघांत एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर शोधण्याचं काम तुझं नव्हतं, माझं होतं. रीत वर लिहिली आहे, तपासून घे. उत्तर असं: खरं पोळं कुठंही गेलं नाही. तू बसवलंस तिथंच आहे.

तुझाच, उशिरा रीत शिकलेला,
दादा