यादीतलं सहावं घर

दादा, त्या रविवारी मी ठाकुर्लीला गेले होते, एवढं खरं आहे. घरी येऊन पुढचं जे सांगितलं ते खोटं होतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्याआधी कितीतरी वर्षं तुम्ही रोज समोर बसून जेवत होतात, तरी माझ्या तोंडातून हे निघालं नाही. आता माझीच पन्नाशी उलटून गेली. आता नाही लिहिलं तर कधी लिहिणार?

आपल्या कळव्याच्या चाळीत सगळी पोरं बापाला दादाच म्हणायची, पण 'कन्सेशन' हा शब्द दिवसातून दहा वेळा फक्त आपल्याच घरात ऐकू यायचा. कोलशेतच्या रंगाच्या कंपनीतून तो तुम्ही आणलेला. तुम्ही युनियनच्या कमिटीवर. मॅनेजमेंटशी बोलणी करून आलात की आई चुलीपाशी बसूनच विचारायची, "मग, आज काय कन्सेशन दिलं साहेबांनी?" आणि तुम्ही सायकल भिंतीला टेकवता टेकवता सांगायचात, चहाची सुट्टी पाच मिनिटं वाढली, नाहीतर कॅन्टीनमध्ये आता भात पोटभर. मग आईनेही तो शब्द उचलला. तिचं डोकं दुखत असलं की भांडी उद्यावर, ते कन्सेशन. परीक्षेच्या दिवसांत मला नळावर पाठवायचं नाही, तेही कन्सेशन. कारलं ताटात टाकलं की मात्र तुम्ही गरजायचात, "इथे कन्सेशन नाही!" आणि वादात तर तुम्ही कुणाला तसूभर दिलं नाहीत. आईचं बरोबर आहे हे कळलं तरी "बरं, बघू" म्हणत टॉवेल घेऊन मोरीत शिरायचात. आई माझ्याकडे बघून डोळा मारायची. तुमचं हरणं ते एवढंच.

लाज म्हणून तुम्हाला ठाऊकच नव्हती. म्हातारपणी एसटीचं अर्धं तिकीट लागू झालं, तर कंडक्टर चार सीट लांब असतानाच कार्ड हातात वर धरून बसायचात. "काका, ठेवा खिशात, तोंडावरून कळतंय," असं एक कंडक्टर म्हणाला तर केवढे भडकलात! "तोंड काय बघतोस? कार्ड बघ. सरकारने दिलंय, फुकट नाही दिलं." अख्खी गाडी हसली, मी खिडकीबाहेर बघत बसले. मागच्यांनी भांडून मिळवलेलं घेताना मान खाली कशाला घालायची, असं तुमचं म्हणणं. लहानपणापासून ऐकून मला ते पाठ होतं. कॉलेजात मात्र ते माझ्या काही कामी आलं नाही.

ठाण्याच्या त्या कॉलेजात रेल्वे पासाच्या कन्सेशनसाठी सगळ्या पोरी एकाच रांगेत उभ्या राहायच्या, डॉक्टरची मुलगीसुद्धा. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. फीच्या सवलतीची यादी मात्र नोटीस बोर्डावर लागायची. वर ईबीसी, म्हणजे कमी उत्पन्नवाले, आणि खाली फ्रीशिप, जातीवरची फीमाफी, म्हणजे आपण. आमच्या वर्गाची सात नावं. मी वर्षभर कुणी आडनाव विचारलं तर नुसतं नाव सांगून, गाव विचारलं तर "ठाण्याचेच आम्ही" म्हणून निभावून नेलेलं. त्या शुक्रवारी बोर्डासमोर कुणी नव्हतं. मी टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात घातली. घडी करताना वरची नावं वाचली, तर ईबीसीमध्ये माझ्या बाकावरची मैत्रीण! ठाकुर्लीची. वडील मोठ्या हुद्द्यावर आहेत असं सांगणारी. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, दादा.

यादीखाली सूचना होती: सोमवारी दुपारपर्यंत पालकांनी उत्पन्नाचा दाखला घेऊन येऊन सही करायची, नाहीतर पूर्ण फी. तुम्हाला मी तोंडी सांगितलेलं, म्हणून शनिवारी तुम्ही अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आलात. सही केलीत. मग म्हणालात, "यादीत नाव कुठाय, दाखव की. पोरीचं नाव छापलेलं बघू दे." हौस! बोर्ड रिकामा. क्लार्क म्हणाला, "काल लावलेली की हो." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पुस्तक उघडलं.

क्लार्कने डोक्याला हात लावला. कागद परत टाचला खरा, पण शनिवारची दुपार, कॉलेज रिकामं, तो वाचणार कोण? तुम्ही त्याच्याकडून सहा जणांचे पत्ते माझ्याच हाताने उतरवून घेतलेत. कळव्याच्या पुलावर निम्म्यात आल्यावर तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "तुला तुझं नाव लपवायचंय ना? लपव. बाकी सहा जणांना विचारलंस?" मी पत्त्यांचा कागद पुस्तकात घातला. "उद्या सहा घरं फिरायची. एकटीने. मी आलो तर ते माझं सांगणं झालं." मी म्हटलं, दादा, एक वेळ माफ करा. तुम्ही म्हणालात, "मी कोण माफ करणारा? त्यांची फी मी भरतो का?"

दुसऱ्या दिवशी पाच घरं मी केली. ते खरंच केलं, त्यात खोट नाही. दोन कळव्यातली, एक ठाण्यात, दोन डोंबिवलीत. डोंबिवलीत एका वडिलांनी दारातच असं झापलं की शेजारपाजारचे बाहेर आले, आणि पाठोपाठ त्यांच्याच बायकोने पोहे पुढे केले. प्रत्येक दारात मी सांगितलं, यादी मी काढलेली, चूक झाली, उद्या दुपारच्या आत जा. पाचव्या घरापर्यंत मला ते सोपं जायला लागलं होतं. घरची माणसं अनोळखी, पुन्हा तोंड थोडीच दाखवायचंय, असं मनाशी म्हणत होते.

ठाकुर्लीला पोचले तेव्हा चार वाजलेले. एकच खोली. दार उघडंच होतं. माझी मैत्रीण आणि तिची आई जमिनीवर बसून टिकल्या पाकिटांवर चिकटवत होत्या, खोलीभर लाल लाल सगळं. मला बघून ती ताडकन उठली, पायानेच पाकिटं कॉटखाली सारली आणि म्हणाली, "अय्या, तू इकडे कशी? हे ना, शेजारच्या काकूंचं आहे. त्यांना जागा पुरत नाही." मी म्हटलं, "सहज आलेले. डोंबिवलीला मावशीकडे आलेले." तिने चहा केला. कप आमच्याकडच्यासारखेच, एकाचा कान तुटलेला, तो तिने स्वतःकडे घेतला. आणि मग तिच्या आईने विचारलं, दादा. अगदी साधं विचारलं. "कॉलेजात ते फीच्या सवलतीचं काही लागलं का गं?"

"आई!" मैत्रीण ओरडली. कानापर्यंत लाल झाली बिचारी. आणि मी, जी दिवसभर पाच दारांत तेच सांगत फिरले होते, मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मला नाही माहीत, काकू. माझं त्यात काही नसतं."

घरी आले तर तुम्ही दारात उभे. "सांगितलं सगळ्यांना?" "हो." "सहाही?" "हो, दादा." तुम्ही म्हणालात, "शाब्बास." लगेच चपला घालून मला ठाण्याला मिसळ खायला घेऊन गेलात. एरवी आपण एक प्लेट दोघांत घ्यायचो. त्या दिवशी माझी प्लेट वेगळी सांगितलीत, मोठ्या माणसाला सांगतात तशी. आणि महिनाभर चाळीत ज्याला त्याला सांगत होतात, आमच्या पोरीने चूक केली पण निस्तरलीसुद्धा एकटीने. आई कौतुकाने बघायची. त्या मिसळीचा पाव मी नुसता कुस्करत बसलेले, तुम्हाला वाटलं तिखट लागलं.

सोमवारी पाच जणांचे पालक आले. ठाकुर्लीची मैत्रीण माझ्या शेजारी बाकावर बसून माझ्या वहीतलं उतरवून घेत होती. दिवाळीनंतर ती आलीच नाही. कुणी म्हणालं लग्न ठरलं, कुणी म्हणालं कंपनीत पॅकिंगला लागली. फीपायीच सोडलं का, ते मला कळलं नाही. खरं म्हणजे मी विचारलंच नाही. ठाकुर्लीचं ते दार मला ठाऊक होतं, पुन्हा कधी तिकडे फिरकले नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी डोंबिवलीच्या कॉलेजात ज्युनियर क्लार्क होते. आता हेडक्लार्क आहे. सवलतीचे फॉर्म सगळे कॉम्प्युटरवर गेले, पण कागद कुणाचे अपुरे आहेत ती यादी आम्ही वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर टाकतो. आज एक मुलगी खिडकीशी आली, बॅगेचा पट्टा पिळत म्हणाली, "मॅडम, प्लीज ग्रुपवर माझं नाव नका ना टाकू. कुणाला माहीत नाहीये." तुमचं भाषण माझ्या ओठावर आलेलं, हक्क, मान, सगळं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "अगं, माझं पण नाव असायचं फ्रीशिपच्या यादीत." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. चौदा वर्षं आम्ही एकत्र डबा खातो, त्यांना हे माहीत नव्हतं. मुलगी म्हणाली, "तुमचं पण?" आणि बॅगेतून दाखला काढून दिला. एवढंच बोलायचं होतं हो, दादा, ठाकुर्लीच्या त्या काकूंसमोर टिकल्यांच्या पसाऱ्यात बसून. एवढंच.

यादी मी ग्रुपवर टाकली नाही. बसून एकेकाला फोन केले. तुम्ही म्हणाला असतात, ग्रुपवरच टाक, ठळक टाक. ह्यात मी तुमचं ऐकणार नाही.

लिहायला घेतलं तेव्हा ठरवलेलं की तुमच्या आणि आईच्या फोटोपुढे हे मोठ्याने वाचायचं. वाचणार नाही. तुम्ही जन्मात एकदाच मला शाब्बास म्हणालात. ते माझ्या हक्काचं नव्हतं, पण परत करायला माझा जीव होत नाही.